माकडहाडाचं इंजेक्शन आणि कुंपणताई

ती. स्व. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (एरवी हे लिहिण्यापुरतंच असतं, पण आज मी खरोखरच पलंगावर पालथा पडून लिहितो आहे, तेव्हा आठही अंगं टेकलेली आहेत. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे.) भावोजींचा खोकला कसा आहे? तुझी गुडघेदुखी थांबली असेल तर कशानं थांबली ते कळव, आणि त्यात सुई होती का तेही कळव.

माझं माकडहाड तुला ठाऊक आहेच. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या जिन्यावरून घसरून आपटलो, तेव्हापासून मला धड बसता आलेलं नाही, आणि माझा धंदा पडला बसण्याचा. शिकणाऱ्यानं ब्रेक दाबला की झटका आधी माकडहाडाला बसतो, मग गाडी थांबते. मधे भोक असलेली उशी आणली, तर मला मूळव्याध आहे असं समजून शिकायला येणारे औषधं सुचवू लागले. म्हणून उशी टाकली आणि एका अंगावर कलून बसू लागलो. एका भल्या गृहस्थांनी (बँकेत मोठे साहेब आहेत) मी डावीकडे कललेला पाहून तो वळायचा इशारा समजला आणि गाडी थेट फर्निचरच्या दुकानाच्या आवारात घातली. चहूकडे नव्या कोऱ्या खुर्च्या, दुकानदार म्हणतोय बसा साहेब, घाबरलात, आणि मी आपला उभा. मालक तेव्हापासून म्हणतात, महिनाअखेरपर्यंत बसता आलं तर शिकवा, नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल. त्यांचंही चूक नाही. पण मला दुसरं काम येत नाही, अक्का.

गरम पाण्याचा टब झाला, गोळ्या झाल्या, शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि दुखण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिथे नर्व्ह ब्लॉक म्हणून इंजेक्शन देतात. माकडहाडाच्या पुढच्या अंगाला नसांची एक गाठ असते म्हणे, दुखतंय दुखतंय अशी वर्दी तीच वर पोचवते. लांब सुई मागून आत घालून त्या गाठीपाशी औषध सोडायचं, की वर्दी बंद. सुई कुठवर गेली ते एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत जायचं. तिथल्या नर्सनं हे इतक्या आनंदानं समजावलं की बाहेरचं दार कुठे आहे ते मी आधी बघून ठेवलं.

पण खरी बोबडी वळली ती डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली केल्यावर. अक्का, ती कुंपणताई निघाली. तुला सांगितलं होतं बघ, आमच्याकडे एक मुलगी यायची, समोर बघून उत्तम चालवायची, पण गाडी मागे घ्यायची म्हटलं की हमखास कुंपण पाडायची. मालकांनी शेवटी कुंपण दुरुस्त करणंच सोडून दिलं होतं. मला बघून ती एवढी हरखली की सगळ्या स्टाफला गोळा करून, हे माझे गुरू, अशी ओळख करून दिली. मी त्या वेळी मागून उघडा असतो तो गाऊन घालून भिंतीला पाठ लावून उभा होतो. अशा वेळी गुरूनं चेहरा कसा ठेवावा ते कोणी शिकवत नाही.

मग मला पालथं घातलं, पोटाखाली उशी दिली, गार औषधानं जागा पुसली. माझ्या डोक्यात एकच, हिला मागचं जमत नाही. त्यात ती माझ्याकडे बघेचना. पडद्याकडे बघून यंत्रावरच्या माणसाला सांगत होती, थोडं डावीकडे, अजून, नको नको, परत घे. माझा पाय आपोआप ब्रेक दाबायला लागला. (आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, त्याच्या जिवावर मी इतकी वर्षं काढली. त्या टेबलाला तसली काही सोय नाही.) काका, पाय हलवू नका, असं सांगून सांगून नर्सनं शेवटी पाय धरला. सुई अजून ट्रेमध्येच होती. मी उठलो, गाडी चुकीच्या जागी लावली आहे, काढून येतो म्हणालो, कपडे चढवले आणि थेट घर गाठलं. (गाडी मी नेलीच नव्हती. गेलो होतो बसनं, उभ्यानं.) कुंपणताई अडवायला आली नाही. येत्या गुरुवारी सकाळी या सर, एवढंच म्हणाली.

तुझ्या भावजयीनं दारातच विचारलं, झालं का? मी झालं म्हणालो. तेव्हापासून ती मला लाकडी खुर्चीवर बसवून जेवायला वाढते आणि आता बरं वाटतंय ना म्हणून विचारते. मी हसतो आणि घाम पुसतो. काल शेजारीही येऊन मला बसलेला बघून गेले.

आता तुझ्यापाशी खरं बोलतो. सुईची भीती वाटते, कुंपणताईची त्याहून वाटते. पण तिनं आधीच सांगितलं होतं, काहींना एकदा घेऊन बरं वाटतं, काहींना पुन्हा घ्यावं लागतं, काहींना उपयोगच होत नाही. घेतलं नाही तोवर अजून एक उपाय बाकी आहे असं म्हणता येतं. घेतलं आणि लागू पडलं नाही, तर पुढे काय करू? मी ह्याला भितोय, अक्का. बाकी सर्व ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. बुधवारी येतेस का? गुडघा दाखवायला आलीस असं घरात सांग, म्हणजे सोबत म्हणून मी निघेन. गुरुवारी मी त्या खोलीतून पळताना दिसलो तर काही ऐकून घेऊ नकोस, कान धरून आत घाल. आणि हे पत्र फाडून टाक.

ता. क. वन्सं, नमस्कार. हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलंय, तेही न चिकटवता. त्या दिवशी हे घरी यायच्या आधीच डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता, सर नीट पोचले का म्हणून. लाकडी खुर्ची मी मुद्दाम मांडते, आता तरी खरं बोलतील म्हणून. बोलत नाहीत, आणि मलाही आता ते बघवत नाही. गुरुवारी ह्यांना आत घालायला मी एकटी पुरे आहे. पण दार लागल्यावर बाहेरच्या बाकावर मला एकटीला बसवणार नाही. गुडघ्याचं कारण नको, मी बोलावलं म्हणून या.