मावशीचा हात

मंगळवार, संध्याकाळ. डहाणू

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्ही बनवलेलं बर्फ फोडायचं यंत्र उद्या मावशी चिंचणीच्या मासळी बाजारात चालवणार. आज तिथल्या बायकांपुढे मी तावातावाने भाषण केलं, "यात हात जाऊच शकत नाही!" टाळ्या पडल्या. लगेच मावशीने अडकलेला बर्फ सवयीने हातानेच ढकलला. कोपरापर्यंत हात आत. मोटर बंद होती म्हणून...

वर्कशॉपमध्ये आम्ही लाकडाने ढकलायचो. हाताचा विचारच कसा केला नाही?

सगळ्या हसल्या. मीही हसले. का?

आत्ता फोन केला. "मावशी, उद्या चालवू नकोस. माझं चुकलं."

"गप गं! एवढं ठासून बोललीस, आता लोकांत तुझं नाक कापू काय?"

ठेवलाच फोन. कोपरापर्यंत गेला होता हात. सकाळी तिच्याआधी पोहोचून त्याच बायकांपुढे बोलायचंय, यात हात जातो.