खाणीचा पैसा आणि मांडीवरचा भाला

मी, एल्सी नुंगराई, वय अंदाजे एकाहत्तर, आमच्या वार्लपिरी आदिवासींच्या जमीन-संघटनेची अठरा वर्षे अध्यक्ष, मूत्रपिंडे गेली तरी डोके जागेवर असताना, कोणाच्याही धाकाविना हे लिहून ठेवते. आधीचे कागद रद्द.

कलम १. घर संघटनेचे आहे, ते मला देता येत नाही. अंथरूण आणि कपडे जाळावेत. सोन्याच्या खाणीच्या रॉयल्टीतली निम्मी ठेव डायलिसिसच्या घरासाठी आणि शाळेसाठी आहे. ती फोडून गाड्या घेतल्यास माझा शाप लागेल. वाटलेल्या पैशाच्या गाड्या रस्त्याकडेला गंजत पडल्यात, त्या मोजाव्यात.

कलम २. गेल्या हिवाळ्यातल्या सभेत माझी भावजय मोना नांगाला ओरडली, "वन्सं, ठेव काय छातीवर बांधून नेणार आहात? वाटून टाका!" माझे डोके फिरले. कारकुनाला म्हटले, "वाच रे सगळी यादी, कळू दे हिला कोणाला काय मिळतं ते!" माझा भाऊ, मोनाचा नवरा, जाऊन तीनच महिने झाले होते. आमच्यात गेलेल्याचे नाव उच्चारत नाहीत. यादीतून ते खोडणे माझे काम होते, मी विसरले. गोऱ्या कारकुनाने ते खणखणीत वाचले.

मोनाने आमच्या शोकाच्या रीतीप्रमाणे दगडाने स्वतःचे कपाळ फोडले. तिच्या मुलाने टायरच्या पहारीने माझा उजवा हात कायमचा मोडला. माझ्या मुलाने, क्लिंटनने, त्याच्या पोटात दोनदा सुरा खुपसला. भाचा माझ्या पायाशी तडफडून मेला. आता त्याचेही नाव मला घेता येत नाही. चूक माझी होती, हे लिहून देते.

कलम ३. क्लिंटन, तुरुंगातून सुटशील त्या दिवशी थेट गावच्या मैदानात जा आणि मोनाच्या माणसांच्या भाल्यापुढे मांडी कर; आमच्या कायद्यात खून असाच फिटतो. डार्विन शहरात पळालास तर ते तुझ्या बहिणीच्या मुलांना गाठतील. पोलिसांनी मध्ये पडू नये.

काल मी मोनापुढे डोके वाकवले. तिने काठीचे तीन घाव घातले. सात टाके पडले. मी म्हटले, "मोना, माझ्यावरच संपव गं. पोराला सोड."

"तुमचं फिटलं, वन्सं. त्याचं त्यानं फेडायचं."

"मग भाला मांडीच्या वर जाऊ देऊ नकोस. एवढं तरी कर."

मोना काठी तिथेच टाकून गेली. आज मात्र सहीला आली आहे.

ठिकाण : दवाखाना, तानामी रस्ता, उत्तर ऑस्ट्रेलिया. १४ ऑगस्ट २०१९.

सही (डाव्या हाताने) : एल्सी नुंगराई

साक्षीदार १ : रूथ हॅलोरन, परिचारिका

साक्षीदार २ : मोना नांगाला. क्लिंटन आला, तर भाल्यांसमोर मी उभी राहीन, मांडीच्या वर जाऊ देणार नाही. पळाला, तर नाही.