उदगीर जिल्ह्याचा पहिला ताई-ची मास्तर

४ एप्रिल २०१६, सोमवार
बीपी एकशे साठ. डॉक्टर म्हणाले, चालू गोळी चुकवू नका, पोट उतरवा, अंग हलवा. १६ मेला परत या. नाही उतरलं तर दुसरी गोळी.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला दुसऱ्या गोळीची भीती वाटते. आमच्या वडिलांना, अप्पांना, दुसरी गोळी लागली आणि वर्षाच्या आत त्यांच्या फोटोला हार लागला. शांतम्माला हे बोललो नाही. एवढंच सांगितलं, उद्यापासून व्यायाम. ती म्हणाली, बरं झालं, सकाळी टँकर हाय, चार घागरी तुम्हीच आणा. बायकोला व्यायाम आणि काम यांतला फरक कळत नाही.

५ एप्रिल, मंगळवार
पाचला उठायचं ठरलं होतं. आठला उठलो. टँकर गेला होता.

दिवसभर आडतीवर बसून. पाऊस नाही म्हणून तूर नाही, तूर नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. मोबाईलवर एक चिनी म्हातारा सापडला. वय ब्याण्णव, दाढी पांढरी, कपडे पांढरे. हात इतके सावकाश फिरवतो की मधे चहा पिऊन यावं. याला ताई-ची म्हणतात. नुसतं उभं राहून श्वास घेतला की चीगाँग. घाई नाही, घाम नाही. महिन्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात बिनघामाचा व्यायाम सरकारने सक्तीचा करायला हवा.

८ एप्रिल, पाडवा
मुहूर्त केला. आजपासून गोड बंद. (पुरणपोळी धरलेली नाही. तो नैवेद्य.)

गच्चीवर पहिला धडा. म्हाताऱ्याने एक पाय उचलला, हात पसरले आणि तसाच राहिला. मीही राहिलो. सात मिनिटं. डाव्या गुडघ्यातून कळ कानापर्यंत गेली. मग लक्षात आलं, त्याची दाढीसुद्धा हलत नाही. रेंज गेली होती. म्हणजे मी रेंजशिवाय सात मिनिटं टिकलो. प्रगती अपेक्षेपेक्षा वेगाने.

१३ एप्रिल, बुधवार
शेजारचा रेवणप्पा म्हणाला, एक मेला उदगीर जिल्हा होऊन राहिलाय, पक्की खबर. जिल्हा झाला की कलेक्टर येणार, एसपी येणार, मग जिल्हा ताई-ची संघटना कशी टळेल? अध्यक्षपदासाठी गावात दुसरं नाव नाही. रबरी शिक्का करायला टाकला.

गल्लीत दुसराच विषय. पंचवीसला बोअरची गाडी येणार आणि जागा ठरलेली नाही. पाणाड्या मडिवाळप्पा मुलीकडे बिदरला. तो तळहातावर नारळ घेऊन हळूहळू चालतो, नारळ उभा राहील तिथे पाणी. चालताना त्याच्याशी कुणी बोलत नाही, चपला काढून गप उभे राहतात. मी असल्या गोष्टींत पडत नाही. मी शास्त्राचा माणूस.

१७ एप्रिल, रविवार
गच्ची तापते. गल्लीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट. तळहात वर, पाऊल सावकाश. रेवणप्पा आला, बघत राहिला, चपला काढून हात जोडले. एक शब्द नाही.

१९ एप्रिल, मंगळवार
विद्यार्थी अकरा. सगळे अनवाणी, सगळे गप. समोरच्या घरातल्या जगदेवीचं बाळ रडलं तर ती त्याला घेऊन लांब गेली. चीनमध्ये एवढी शिस्त नसेल.

२० एप्रिल, बुधवार
आज सत्कार. रेवणप्पाने माझ्या तळहातावर नारळ ठेवला. मी तो तसाच घेऊन पावलं टाकत राहिलो. लिंबाच्या झाडाजवळ गुडघ्याने दगा दिला. सगळं अंग थरथरलं, नारळ शेंडी वर करून ताठ उभा राहिला आणि पडला. लोकांनी हर हर महादेव केलं. रेवणप्पाने माझ्या पायाभोवती पांढऱ्या फक्कीचा गोल आखला. वर्गाची जागा आखली, छान. मी जाहीर केलं, आता हीच जागा. सगळे माना डोलावत हाव हाव म्हणाले.

घरी शांतम्माने विचारलं, खरंच कळलं का वो तुम्हाला? मी म्हणालो, अंगातून करंट गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला न मागता चहा दिला.

२५ एप्रिल, सोमवार
लिहवत नाही, पण लिहितो.

वर्गावर गेलो तर माझ्या गोलावर बोअरची गाडी. मी ड्रायव्हरला म्हणालो, बाजूला घे, इथे वर्ग आहे. रेवणप्पा म्हणाला, अवो मालक, तुम्हीच तर जागा दावली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण गळ्यात हार पडला होता आणि बायका रिकाम्या घागरी मांडून बसल्या होत्या.

दोनशे फूट, फुफाटा. चारशे, फुफाटा. साडेपाचशेला ड्रायव्हर म्हणाला, फेल. माझे पांढरे कपडे, लोकांची तोंडं, सगळं एका रंगाचं झालं. कुणी मला एक शब्द बोललं नाही. जगदेवीने घागर उचलली, बाळ उचललं आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२६ एप्रिल, मंगळवार
शांतम्माला सगळं सांगितलं. ती हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसून म्हणाली, उद्यापासून टँकरला तुम्ही जायचं. जगदेवीचं पाणी, रेवणप्पाच्या आईचं पाणी, आपलं पाणी. मी मान्य केलं. तात्पुरतं.

१ मे, रविवार
जिल्हा झाला नाही. टँकर आला. वीस घागरी. ताई-ची सोमवारपासून.

९ मे, सोमवार
टँकर. बावीस घागरी. जगदेवी आज बोलली. म्हणाली, काका, सांडू नका. फार बरं वाटलं. लेंगा सारखा घसरतो, नाडी जुनी झाली असावी. ताई-ची पुढच्या सोमवारपासून.

१६ मे, सोमवार
बीपीचा पट्टा बांधताना डोळे मिटून अप्पांचा फोटो आठवत होतो. एकशे तीस.

डॉक्टर म्हणाले, काय केलंत? मी म्हणालो, ताई-ची. उठून एक पाय उचलूनही दाखवला. मागून शांतम्मा म्हणाली, डॉक्टरसाहेब, बोअर फेल गेल्यापासून एक दिवस केलं न्हाई ते. पाणी वाहून राहिलेत. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. चालू गोळी तीच, दुसरी नको. खाली लिहिलं, टँकर आला की वीस घागरी.

चिठ्ठी आता भिंतीवर आहे, अप्पांच्या फोटोशेजारी. संध्याकाळी रबरी शिक्काही आला. 'अध्यक्ष, उदगीर जिल्हा ताई-ची संघटना'. अक्षर सुरेख. शांतम्माने तो आमच्या सगळ्या घागरींवर मारला, रांगेत अदलाबदल होते म्हणून.