साहेबांचं पिण्यात लक्ष नाही

५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खुशाली विचारली आहेस. खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

आमचे साहेब परवा पाच महिन्यांचे झाले. साहेब हे नाव मीच ठेवलंय, कारण घरात कोण आलं, कोण गेलं, कुणी काय उचललं, याची सगळी चौकशी त्यांना लागते. मी पाजायला घेते. दोन घोट पितात की मान गर्रकन फिरवतात. बरं, फिरवताना मला सोडतील तर शप्पथ! मला तोंडात धरूनच मागे बघतात, आणि वर हसतात. माझ्या डोळ्यांतून पाणी येतं. पुन्हा लावावं तर पुन्हा दोन घोट, पुन्हा मान. दिवसभरात असा दहा वेळा तमाशा होतो आणि पोटात म्हणशील तर काही नाही. मग रात्री चार चार वेळा उठायचं आणि तेव्हा मात्र डोळे मिटून, मुठी आवळून, पाव पाव तास असं प्यायचं की जणू याच कामासाठी जन्म घेतलाय. सकाळी साहेब टवटवीत आणि मी भिंत धरून चालते.

या घरातल्या शहाण्यांबद्दल काय लिहू? तुला माहीतच आहे, पुढची खोली म्हणजे कारखाना. नणंद खुळखुळ्यांच्या दोन वाट्या घेते, आत मणी भरते, वाट्या चिकटवते आणि तोंडाने सतत बडबड करते. सासूबाई बुटक्या स्टुलावर बसून एकेक खुळखुळा उजव्या कानाशी धरून वाजवतात. खणखणीत वाजला तर इकडच्या खोक्यात, बद्द वाजला तर तिकडच्या. दिवसाला तीनशे. छत्तीस वर्षांत आपल्या हातून एकही बद्द खुळखुळा बाहेर गेला नाही, हा टेंभा त्या येईल त्याच्यासमोर मिरवतात. मी त्यांच्याच शेजारी खाटेवर बसून पाजते, कारण मागची खोली रिकाम्या खोक्यांनी भरलीय आणि दार लावून बसलेलं त्यांना खपत नाही. आपण काय चोऱ्या करतो का, म्हणतात. आमचे हे तर त्यांच्याही वरताण. बाळाचं पिण्यात लक्ष लागावं म्हणून नवा नमुना आणून त्याच्या डोळ्यांसमोर नाचवतात! या माणसाशी मी आपण होऊन लग्न केलं, तेव्हा दुसऱ्या कुणाची अक्कल काढायचा मला हक्क नाही.

तर सासूबाईंनी निकाल दिलाय की सुनेला दूधच नाही. गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय. बाळाचं वजन जरा सावकाश वाढतंय हे खरं. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या की अठ्ठावीस तारखेला आणा, बघू. पण यांनी पावडरचा डबा आणून फळीवर मांडलासुद्धा, अगदी माझ्या डोळ्यांसमोर. वजन वाढलं नाही तर बाटली, माझं पाजणं बंद.

मावशी, मला त्याला पाजायचंय. बाकी या घरातलं काहीही गेलं तरी चालेल, एवढं एक माझ्याकडे राहू दे. तू एकतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलीस. तू सांगशील ते मी ऐकेन. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. ती उगीच झुरत बसेल, आणि यातलं तिला बिचारीला काय कळणार?

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ठकू


१० फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं रडगाणं वाचलं. आईला दाखवू नको म्हणालीस, तरी वाचून दाखवलं. माझ्या घरात लपवाछपवी चालत नाही.

आधी तुझ्या सासरबद्दल. खुळखुळे वाजवून ज्यांचा जन्म गेला त्यांनी दुधावर मत द्यावं म्हणजे कमाल झाली. तुझा नवरा लग्नातही मला असाच वाटला होता, पण तेव्हा मला कुणी विचारलं नाही. नणंदेचं तर नावच नको.

आता तुझ्याबद्दल. रागावू नकोस, पण तूही काही कमी खुळी नाहीस. माझ्या हाताखालून हजारो पोरं गेली. भुकेलं मूल असं इकडे तिकडे बघत नाही. दिवसा तोंड फिरवतंय म्हणजे तिथे काही नाही, हे एवढं सरळ आहे. रात्री पितं ते सवयीने आणि झोपेच्या गुंगीत. या एका बाबतीत तुझी सासू बरोबर बोलली, चुकून का होईना. डबा आणलाय ना? मग फोड तो. अठ्ठावीस तारखेची वाट कशाला बघतेस? आजकालच्या पोरींना पाजणं म्हणजे काहीतरी मोठं पदक वाटतं. पोराला पदक नको असतं, पोट भरायला हवं असतं.

तुझी आई अशीच. तू चार महिन्यांची असताना हीच कुरकुर. दूध आहे, येतंय, असं म्हणत बसली होती. मी जाऊन दोन दिवसांत बाटली लावून दिली. ती चार दिवस रडली आणि तू वाढलीसच की घोड्यासारखी! आत्ताही तुझं पत्र ऐकून तिने विचारलं काय, तर पाजताना त्या खोलीत आवाज किती असतो. म्हटलं, बाई, तू तुझी भाजी चीर.

मन घट्ट कर आणि कळव. सगळ्यांना यथायोग्य सांग, तुझ्या सासूला सोडून.

तुझी,
मावशी


१६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. डबा फोडला. घरात एवढा आनंद झाला की विचारू नकोस. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने बाटली भरली, खुळखुळा हलवावा तशी कानाशी नेऊन हलवली, आणि साहेबांनी दोन घोट घेऊन मान फिरवली. बाटलीपासूनही! यावर नणंद म्हणाली, आईच्या दुधामुळे त्याची जीभ बिघडलीय. असल्या माणसांशी वाद तरी काय घालायचा? तिने ती बाटली तशीच अर्धा तास त्याच्या तोंडाशी लावून ठेवली, तेव्हा कुठे अर्धी संपली.

मला भरून येतंय, ठणकतंय, पोलकं बदलून बदलून कंटाळले. आहे की नाही दूध, मावशी? नसेल तर हे काय आहे? पण तुला कळतं आणि मला कळत नाही, म्हणून गप्प बसते. सोमवारपासून रात्रीचंही बंद करायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे त्यांनी ठरवलं आणि मी मान हलवली. मला सगळ्यांत जास्त किळस माझीच येते.

लोभ आहेच. मलाच हल्ली कुणाचा लोभ नकोसा झालाय.

तुझी,
ठकू


१८ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. आ.

हे मी, तुझी आई. माझं अक्षर तुला ओळखू यायचं नाही. मावशी दुपारची झोपली आहे, तेवढ्यात लिहिते.

सोमवारपासून काही बंद करायचं नाही. तुझी सासू तुझ्या शेजारी बसून दिवसाला तीनशे खुळखुळे वाजवते आणि पोराचं लक्ष नाही म्हणून तुम्ही सगळी मिळून दूध जोखता? अगं, खुळखुळा करतात कशासाठी? पोराने वळून बघावं म्हणूनच ना? ते वळून बघतंय. रात्री तुम्ही वाजवायचं थांबता, तेव्हा ते पितं. तुम्हाला तो आवाज ऐकू येईनासा झालाय. तुलासुद्धा.

मागच्या खोलीतली खोकी बाहेर काढ. आत जा, दार लाव, खिडकीला चादर टाक. कुणाला विचारू नकोस. विचारलंस की संपलं. मला अनुभव आहे.

बाळाला माझा पापा दे.

तुझी,
आई


१ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई गं! तुझं पत्र हातात घेऊन मी खाटेवर बसले आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तो आवाज ऐकला. खुळ, खुळ, खुळ, थांबणं, पुन्हा खुळ. आणि दर वेळी माझ्या पोराची मान. दर वेळी! मी काय बहिरी झाले होते का?

मी खोकी उचलून अंगणात टाकली. सासूबाई म्हणाल्या, काय चाललंय? मी म्हटलं, तुमच्या आवाजाने तो पीत नाही. त्यांनी हातातला खुळखुळा थांबवून, चेहरा अगदी गंभीर करून विचारलं, की कसला आवाज? आपल्या घरात कुठे आवाज आहे? आणि उत्तराची वाट बघता बघता पुढचा कानाशी धरून वाजवला. आमचे हे त्यांच्या बाजूने म्हणाले की आपलं घर गल्लीत सगळ्यांत शांत आहे. मी हात टेकले. या लोकांशी बोलण्यात श्वास घालवायचा नाही असं ठरवून आत गेले आणि कडी लावली.

आई, एकवीस मिनिटं. दिवसाढवळ्या. एकदाही मान फिरवली नाही. शेवटी माझ्याच पदराकडे बघत बघत झोपला. बाहेर नणंद दारावर थापा मारत होती की आत एवढा वेळ काय करतेस, आणि मी आत त्याला थोपटत राहिले. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

दहा दिवस असंच केलं. बाटली कोपऱ्यात पडलीय. रात्री आता दोनदाच उठतो. काल वजनाला नेलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान वाढलंय, काय केलंत? मी म्हटलं, दार लावलं. सासूबाई घरी येऊन शेजारणीला सांगत होत्या की पावडर मानवली. सांगू देत. डब्यातली अर्धी पावडर त्या स्वतःच चहात घालून पितात, हे मी बघितलंय.

मावशीला मी वेगळं लिहिणार नाही. एकतीस वर्षं आणि हजारो पोरं! तिला माझ्या वतीने काय सांगायचं ते तूच ठरव. पण आई, तुला हे कसं कळलं? आणि मी लिहिलं होतं की तुला काय कळणार. ते वाक्य मावशीने तुला वाचून दाखवलं असेल. मला माफ कर.

तुझ्या मांडीवर याला घालायला लवकरच येते.

तुझी,
ठकू


६ मार्च

चि. ठकूस,
अ. आ.

वाक्य वाचून दाखवलं होतं. दोनदा. माफी कसली? या घरात सगळे तेच समजतात, तू वेगळं कुठून शिकणार?

कसं कळलं विचारतेस. तुझ्या मावशीला वॉर्डातली पोरं माहीत. ती तिसऱ्या दिवशी घरी जातात, त्यांना अजून नीट दिसतही नसतं. चार-पाच महिन्यांचं पोर जगाकडे कसं बघतं, ते तिने कधी पाहिलंच नाही. मी पाहिलं होतं. तू खिडकीवरच्या पाखराकडे बघायचीस, माझ्या बांगडीकडे बघायचीस, आणि रात्री पोटभर प्यायचीस. मला तेव्हाच कळलं होतं. पण ती नर्स, पांढरे बूट घालून आलेली, आणि मी कोण? मला दूध होतं, ठकू. तिने बाटली लावल्यावर तीन आठवडे येत राहिलं. मी मोरीत पिळून टाकत होते.

शेवटच्या दिवशी तू चांगली पीत होतीस. मग एकदम वळलीस आणि दाराकडे बघून हसलीस. दारात तुझी मावशी उभी होती, हातातली बाटली हलवत. म्हणाली, बघ, पोरीलाच नकोय. मी पदर ओढून घेतला.

एकोणतीस वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज हे पत्र टाकण्याआधी तिला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवणार आहे. एवढी वर्षं तीच मला वाचून दाखवत आली.

ये लवकर. तुझ्यासाठी मागची खोली रिकामी केली आहे, तिला आतून कडी आहे.

तुझी,
आई