एकाच पिंजऱ्यातले उंदीर

माय, तू असतीस तरी हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, म्हणून निवांत लिहिते. दुष्काळात माकणीजवळच्या रस्त्याच्या कामावर तू खडी फोडायचीस आणि तिथं मजुरांना खायला मिळणारी सुकडी पदरात बांधून माझ्यासाठी आणायचीस. पुढं मी शहरात संशोधनाला लागले, तेव्हा तुळजापूरला एसटी बदलून तू माझी प्रयोगशाळा बघायला आलीस. पांढरे उंदीर भिजवलेले चणे खाताना बघून दारातच थबकलीस. "आमी सुकडीवर दिस काढलं अन् ही उंदरं चणं खात्यात व्हय," म्हणून इतकी हसलीस की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले. मग मी तुला कॅन्सरची गाठ वाढलेला उंदीर दाखवला आणि तुझं हसू थांबलं.

ते गाठवाले उंदीर गाठीनं मरायच्या आधीच मरत होते. मी एक उघडून बघितला, तर मूत्रपिंडावर पांढरे ठिपके, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी. धडधाकट उंदीर जी बुरशी सहज पचवतो, तीच कॅन्सरनं पोखरलेल्या उंदराला खाते, असं माझं म्हणणं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तुमच्या लोकांत स्वच्छतेची सवय नसते. पिंजरे घाण, म्हणून बुरशी. हे प्रबंधात घालायचं नाही." माझी सगळी मेहनत त्या एका वाक्यात मातीत गेली. तू अजून माझ्याकडंच मुक्कामाला होतीस. त्या संध्याकाळी माझ्या भाड्याच्या खोलीत तू स्टोव्हपुढं बसली आहेस, भाकरी थापते आहेस, मी रडते आहे, आणि तू मान वर न करता म्हणतेस, "टँकरवर बी बाया म्हणायच्या, तुमची घागर लांब ठिवा. म्या काय घागर फोडली व्हय? भरूनच आणली न्हवं? डोळं पूस अन् जेव."

त्याच वर्षी थंडीत तू गेलीस. तुझं दिवसकार्य झाल्यावर मी परत आले, ती तडक सरांच्या खोलीत. म्हटलं, "ह्या खेपेला पिंजरे तुम्हीच धुऊन घ्या, सर." सरांशी असं कुणी बोलत नसे. त्यांनी आपल्या लाडक्या विद्यार्थ्याकडून पिंजरे उकळत्या पाण्यानं धुऊन घेतले आणि उंदरांच्या खोलीची किल्लीही त्याच्याकडंच ठेवली. मी धडधाकट आणि गाठवाले उंदीर एकाच पिंजऱ्यात सोडले. तोच भुसा, तेच चणे, तेच पाणी, आणि प्रत्येकाच्या शेपटीच्या शिरेत सुईनं टोचलेली बुरशीची सारखीच मात्रा. बघता बघता गाठवाले कोपऱ्यात अंग फुगवून बसले. धडधाकट त्यांच्या अंगावरून उड्या मारत होते. शेवटी उघडून बघितलं तर गाठवाल्यांची मूत्रपिंडं बुरशीनं भरलेली, बाकीच्यांची जवळजवळ साफ. मला इतका आनंद झाला माय, की मोरीत जाऊन नळ सोडला आणि मोठ्यानं ओरडले.

विभागाच्या सभेत मी सगळं मांडलं. सर उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "निष्कर्ष बरोबर आहे. प्रबंधात घाला." मी जागची हलले नाही. म्हटलं, "आणि पिंजरे, सर?" सर हळूच म्हणाले, "पिंजरे आधीही स्वच्छच होते." मी म्हटलं, "जरा मोठ्यानं सांगा, मागच्यांना ऐकू गेलं नसेल." सरांनी मोठ्यानं सांगितलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मागच्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं, माय. मलाच पुन्हा ऐकायचं होतं.