पोटाला हात लावू नये

॥ श्री ॥
हडपसर, पुणे
१० नोव्हेंबर २०२४

ती. द्वारकाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी फराळाची पिशवी पोचली. चकल्या प्रवासात मोडल्या नाहीत आणि खातानाही मोडेनात, एवढीच तक्रार. वन्संना हे कळवू नका असं पूर्णिमानं बजावलं आहे, म्हणून कळवतो.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. मागच्या वेळी मी घसा फाटेपर्यंत ओरडलो, तेव्हा तुला फक्त हॅलो पोचलं आणि आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना तुझ्या गुडघ्याचं दुखणं कळलं. आपलं पोस्टखातंच बरं.

तुझी भाची राधाबाई दोन वर्षांच्या झाल्या. पोट असं गोल आहे की मी सकाळी उठून लंबोदर म्हणून नमस्कार करतो. बारशाला तू बांधलेला काळा करगोटा दसऱ्याला सैल करून बांधला, दिवाळीत पुन्हा. समोरच्या शकूमावशी म्हणाल्या, पोर बाळसं धरते आहे. आम्हीही खूश होतो. पण ताई, फ्रॉकचे खांदे घसरतात. दंड माझ्या दोन बोटांच्या कड्यात मावतो. पोट वाढतं आणि पोर वाळते, हे काय आहे ते मला समजत नाही.

मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जंताचं औषध दिलं आणि म्हणाले, सर, उशिरा झालेली मुलगी आहे, काळजी वाटणारच. मी म्हणालो, उशिरा झालेल्या बापाचंही पोट बघता का, तेही वाढलं आहे. ते हसले. मीही हसलो. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

गुडघ्याला जप. लोभ तर आहेच, उत्तर लवकर आलं म्हणजे तो दिसेल.

तुझा,
दत्तप्रसाद


॥ श्री ॥
वर्धा
१८ नोव्हेंबर २०२४

चि. दत्तप्रसादास अनेक आशीर्वाद, वि. वि.

चकल्या मोडत नसतील तर दात तपासून घे. पूर्णिमाला सांग, तू सांगू नका म्हटलेलं सगळं मला कळतं, तेव्हा यापुढे सांगा म्हणत जा.

राधाच्या पोटाचं काहून एवढं मनावर घेतोस बापा? तू लहानपणी असाच होतास. हातपाय काड्या आणि पोट मडकं. आईनं एरंडेल चोळून चोळून तुला माणसात आणलं, संस्कृत नंतर आलं. माझा श्यामसुंदर पुढच्या आठवड्यात पुण्याला जातो आहे, त्याच्याजवळ घाण्याच्या एरंडेलाची बाटली देते. कोमट करून बेंबीभोवती चोळायचं, खालून वर, चांगला जोर लावून. फुंकर घातल्यासारखं करून होत नाही. लेकरू रडलं तरी थांबायचं नाही. आत जे काही साचलं असेल ते मोकळं होतं.

आणि एक विचारते. तू डॉक्टरांकडे मुलगी दाखवायला जातोस की विनोद सांगायला?

माझा गुडघा देवाच्या आणि तुझ्या शेजाऱ्यांच्या कृपेनं बरा आहे. तिघांची आठवण काढत असते, तुम्हीही काढा.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
हडपसर, पुणे
३ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाटली मिळाली. श्यामसुंदरानं ती स्वारगेटच्या गर्दीत पोटाशी धरून आणली, जणू गंगाजल. पूर्णिमा रोज अंघोळीआधी मोरीचं दार लावून चोळते. आतून राधाच्या रडण्याचा आवाज येतो आणि मी बाहेर तुझ्या नावानं बोटं मोडतो.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोटावर हात ठेवला, म्हणाले बद्धकोष्ठ आहे. तिसऱ्यांनी हात ठेवला नाही, म्हणाले दूध कमी करा. मी विचारलं, पोटाची सोनोग्राफी करायची का? ते म्हणाले, गूगलवर वाचून आलात वाटतं. मी म्हणालो, छे, माझं वाचन बाराव्या शतकाच्या पुढे येत नाही. डॉक्टर हसले, औषधवाला पोरगा हसला, आणि आम्ही सरबतासारखं लाल औषध घेऊन बाहेर पडलो. जिन्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या हसण्यात राहून गेलं. हे प्रत्येक वेळी असंच होतं आहे, ताई. घाबरलो की मला विनोद सुचतो, आणि विनोद करणारा माणूस घाबरलेला आहे हे कुणाला पटत नाही.

आता संध्याकाळचा ताप येतो. एकदा लघवी कोऱ्या चहासारखी झाली. तपासली, तर जंतुसंसर्ग म्हणून औषध दिलं. ताप उतरला, पोट उतरलं नाही.

काल करगोट्याची गाठ सुटेना, म्हणून कात्रीनं कापला. दोरा कातडीत रुतून वळ उठला होता, तोही फक्त डाव्या अंगाला. बाळसं धरलेल्या पोटात दोरा चहूकडून रुततो. हे एकाच बाजूनं पुढे आलं आहे. सैल करून बांधताना आम्ही गाठीकडे पाहत होतो, पोरीकडे नाही. पूर्णिमानं तो वळ पाहिला आणि राधाला उचलून घेतलं. मग म्हणाली, अहो, यापुढे मी बोलेन. तुम्ही फक्त पिशवी धरायची, आणि एकही विनोद करायचा नाही.

मी पिशवी धरणार आहे. तू तिकडे हात जोड.

तुझा,
दत्तू


॥ श्री ॥
वर्धा
४ डिसेंबर २०२४

चि. दत्तूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र नाही म्हणजे एरंडेलाचा गुण आला असं धरून चालते. गुण आला की डॉक्टरांची आठवण राहत नाही, तशी बहिणीचीही राहत नाही.

या लिफाफ्यात नवा करगोटा आहे. लांब विणला आहे, दोन घुंगरं ओवली आहेत. लंबोदराला वर्षभर पुरेल. आता थंडी पडली म्हणजे चोळणं एक वेळ पुरत नाही, सकाळ-संध्याकाळ चोळा. पूर्णिमाचे हात नोकरीवाल्या बाईचे, कीबोर्ड बडवून बडवून नाजूक झालेले. तिला जमत नसेल तर तू चोळ. पस्तीस वर्षं नुसती पानं उलटलीस, जरा बळ लाव.

राधाला दोन्ही गालांचे पापे. ती घुंगरं वाजवत घरभर फिरते आहे असं मला इथे बसल्या बसल्या दिसतं.

तुझी,
ताई


पुणे
९ डिसेंबर २०२४

ती. ताईस,

श्री लिहायचं राहिलं. राहू दे.

पूर्णिमा शनिवारी राधाला घेऊन एका मोठ्या इस्पितळात गेली. तिथल्या डॉक्टरांनीही गॅस म्हणून चिठ्ठी लिहिली. पूर्णिमा खुर्चीवरून उठली नाही. पुढचे पेशंट आत आले, तरी उठली नाही. शांतपणे म्हणाली, सोनोग्राफीची चिठ्ठी मिळेपर्यंत मी इथेच बसते. तुम्ही माझ्यासमोर बाकीचे पेशंट तपासा, माझी हरकत नाही. मी दाराशी पिशवी धरून उभा होतो. त्यांनी वैतागून चिठ्ठी दिली.

सोनोग्राफी करणारी मुलगी राधाशी माऊच्या गप्पा मारत होती. मध्येच ती थांबली. राधा माऊ माऊ करत राहिली आणि ती मुलगी नुसती पडद्याकडे बघत राहिली. मग उठून मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली.

डाव्या मूत्रपिंडात गाठ आहे. मंडईत आपण निवडून घेतो त्या मोसंबीएवढी. लहान मुलांना होणारा कर्करोग आहे म्हणाले. ज्या पोटाला मी रोज सकाळी नमस्कार करत होतो, त्यात ती बसली होती. कर्क म्हणजे खेकडा, हे मी गेली पंचवीस वर्षं वर्गात शिकवतो. परवा तो शब्द कानावर पडला तेव्हा मला त्याचा अर्थ लागेना. त्या मोठ्या डॉक्टरबाई मला मराठीत सांगत होत्या आणि मी पूर्णिमाकडे बघत होतो, हिला समजतंय का म्हणून.

राधाला ठेवून घेतलं आहे. पलंगाच्या वर कागद चिकटवला आहे, पोटाला हात लावू नये. दाबलं तर गाठ आत फुटू शकते. छातीचं स्कॅन आहे, फुप्फुसात गेलं आहे का ते पाहायला.

तुझा लिफाफा आज मिळाला. घुंगरं छान आहेत.

दत्तू


॥ श्री ॥
वर्धा
१४ डिसेंबर २०२४

चि. दत्तूस आशीर्वाद.

पत्र वाचून श्यामसुंदराकडून फोन लावून घेतला. तू काय बोललास ते मला ऐकू आलं नाही. मग तू रडायला लागलास, ते मात्र नीट ऐकू आलं. हे माझे कान कसले आहेत कोण जाणे. श्यामसुंदरानं फोन काढून घेतला आणि चहा ठेवला.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. तू त्यात सगळं लिहिलंस, एक लिहिलं नाहीस. पोटाला हात लावायचा नाही, गाठ फुटते, असं डॉक्टर म्हणतात. आणि मी तुला काय लिहिलं होतं? जोर लावून चोळ, रडली तरी थांबू नको. तू लिहिलंस, पूर्णिमा रोज दार लावून चोळते आणि आतून रडणं ऐकू येतं. वर मी पुन्हा लिहिलं, दोन वेळा चोळ.

काही झालं का त्यानं? खरं लिही. ताईला वाईट वाटेल म्हणून गोड लिहिलंस तर मला कळेल, मी तुला बोबडं बोलत होतास तेव्हापासून ओळखते. मला दोन घास जात नाहीत. ताटावर बसलं की आपलेच हात दिसतात.

राधाला माझा काही निरोप देऊ नकोस. आधी उत्तर दे.

ताई


॥ श्री ॥
पुणे
१९ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी तुझं उत्तर. काही झालेलं नाही. गोड लिहीत नाही, खरं लिहितो आहे.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, पोट कुणी चोळलंय का? मी हातातल्या पिशवीचे बंद आवळले. पूर्णिमा म्हणाली, नाही. मला वाटलं, भीतीनं खोटं बोलते आहे. बाहेर येऊन मी तिच्यावर ओरडलो, इस्पितळाच्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत. ती म्हणाली, घरी जा आणि मोरीतल्या बादलीमागे बघा. बाटली गळ्यापर्यंत भरलेली आहे, ताई. पहिल्या दिवशी तिनं तेल कोमट करून नुसता हात ठेवला, तर राधानं तिचं मनगट धरून दूर केलं. पडली तरी हसणारी पोर ती. त्या दिवसापासून पूर्णिमा दार लावायची, नळ सोडायची आणि तिला मांडीवर घेऊन बसायची. नळाच्या आवाजाला राधा रडते, तेच मी ऐकत होतो. मला का सांगितलं नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, वन्संना वाईट वाटलं असतं, आणि तुम्ही पुढच्या पत्रात त्याची गंमत करून लिहिली असती. दोन्ही खरं आहे. तेव्हा पूर्णिमानं तुझं ऐकलं नाही, एवढं एकदा आनंदानं ऐक आणि जेव.

आता दुसरं. छातीचं स्कॅन स्वच्छ आहे. गाठ अजून मूत्रपिंडाच्या आतच आहे. काही आठवडे सुईतून औषध देऊन ती लहान करायची, मग ऑपरेशन करून ते मूत्रपिंड काढायचं, मग पुन्हा औषध. केस जातील. उलट्या होतील. पहिली सुई परवा झाली. राधा आधी माझ्यावर रुसली आणि मग माझ्याच बोटाला धरून झोपली.

इथल्या कर्करोगाच्या डॉक्टर ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या आहेत. त्यांनी आम्हा दोघांना बसवून सगळं सांगितलं. म्हणाल्या, आजार गंभीर आहे, काळजी करण्यासारखाच आहे, पण वेळेत आणलंत. पूर्णिमा म्हणाली, पुन्हा सांगा. त्यांनी तेवढंच पुन्हा सांगितलं. मला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण नेहमीसारखं काही सुचलं नाही. त्यांनी वाट पाहिली, मग पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

ताई, इतके दिवस एकामागून एक सगळ्यांनी मला सांगितलं की काळजी करू नका, आणि माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. या पहिल्याच, ज्यांनी काळजी करा म्हणून सांगितलं. त्या दुपारी मी बाहेरच्या लोखंडी बाकावर बसल्या बसल्या झोपलो. पूर्णिमा म्हणते, घोरत होतो.

तू ये. पूर्णिमालाही थोडी झोप मिळायला हवी.

तुझा,
दत्तू