पाय लागला तर

कर्जत, रविवार, ता. ९ डिसेंबर १८९४

गेला! हातातोंडाशी आलेला गोल गेला — आणि का, तर म्हणे पाय लागला!

अजून डोकं ठणकतं आहे. इंजिनांच्या शेडमागच्या माळावर साहेबलोकांचा फुटबॉलचा सराव होता. त्यांचे दोन गडी तापाने पडले, म्हणून बेकर साहेबाने आमच्या सहदेवला हाक मारली. बेकर घाटातल्या इंजिनाचा ड्रायव्हर आणि संघाचा कप्तान. सहदेव माझा मावसभाऊ, शेडमध्ये कोळसा उचलणारा खलाशी. मावशी गेल्यापासून आमच्याच घरात वाढला. अनवाणी धावला, पण असा धावला की बूटवाले बघत राहिले. सगळ्यांना चुकवून थेट गोलपाशी! समोर एकटा गोलकीपर. तो अंगावर झेपावला आणि सहदेवचा पाय त्याच्या मांडीला लागला.

आणि हा पठ्ठ्या थांबला. वाकला. साहेबाच्या मांडीला हात लावून कपाळाला लावला. घरात आईला चुकून पाय लागला की करतो, अगदी तस्सा. चेंडू गेला घरंगळत माळाला लागून असलेल्या हिरामणच्या वालाच्या शेतात.

साहेबलोक पोट धरून हसले. बेकर हसला नाही. मी तारमास्तर, मला इंग्रजी येतं, म्हणून मला बाजूला घेऊन म्हणाला — फेब्रुवारीत लोणावळ्याशी सामना आहे. याचं वाकणं सुटलं तर हा माझ्या अकरांत. तिथे चमकला तर मुंबईच्या कारखान्यात बदली, तिथल्या संघात जागा. सुटलं नाही तर राहू दे इथेच कोळसा उचलत.

सोडवतोच!

सोमवार, ता. १०

सहदेवला बसवून समजावलं. तो शांतपणे ऐकून घेतो, हेच तर वाईट! शेवटी म्हणाला, "मंग पाय लागला तर काय करू? तसाच जाऊ? मानूस हाय ना त्यो."



बुधवार, ता. १२

बेकरकडून नियमांचं पुस्तक आणलं. तारा थांबल्या की वाचतो. स्टेशनमास्तर दोनदा खेकसले.

गंमत आहे. तीसएक वर्षांपूर्वी विलायतेत या खेळाचे नियम बांधायला मंडळी जमली आणि भांडण कशावरून, तर नडगीवर लाथ मारायची की नाही! काही जण म्हणाले, लाथ हवीच, नाही तर खेळ मिळमिळीत होईल. बाकीचे म्हणाले, नको, आम्हाला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. लाथवाले रुसून उठून गेले आणि त्यांनी आपला निराळा खेळ धरला. म्हणजे पाय लागल्याचा घोर साहेबालाही होता तर! फक्त नमस्कार सुचला नाही.

आणखी एक. गोलजवळ कुणी मुद्दाम पाडलं तर बारा यार्डांवरून मोकळा फटका मिळतो. हा नियम अगदी अलीकडचा. बेकर म्हणाला, पूर्वी लागतच नव्हता, सभ्य माणूस मुद्दाम असं करणारच नाही असं सगळे धरून चालत. हे सांगताना मात्र तो हसला.

रविवार, ता. १६

तालीम सुरू केली. युक्ती माझीच. चेंडू माझ्या दोन पायांत, तो सहदेवने काढून न्यायचा. लाथ लागली तर लागली. वाकलास तर माळाला फेरी!

तो लाथ मारतो, वाकतो, आपणहून फेरी मारून येतो, पुन्हा लाथ, पुन्हा वाकतो. फेरीला तो कंटाळत नाही, मी मात्र लंगडत घरी आलो. आईने निरगुडीचा पाला गरम करून शेकलं, वर हळद लावली. "लाथा खाऊन कोन शाना झालाय रं मालोजी?" म्हणाली. सहदेव कोपऱ्यात मान खाली घालून. मग उठला आणि मला दिवसभराचा एक मोठा नमस्कार एकदम करून टाकला! आई म्हणाली, "असू दं रं, असू दं. त्यानंच सांगितलंय ना तुला."

आईचं हे "असू दं" मी जन्मापासून ऐकतो आहे. कुणाचा पाय लागला, कुणी वाकलं, की लगेच ठरलेलं.

मला धावता आलं असतं तर! शंभर पावलांत छाती भरून येते. लहानपणच्या तापाने दम नेला तो नेलाच. सगळे नियम मला पाठ आणि पाय देवाने दिले त्याला. जळतो मी त्याच्यावर, खोटं कशाला लिहू. पण तो अकरांत गेला तर थोडा मीही जाईन.

बुधवार, ता. २६

काल नाताळ, माळ रिकामा. स्टेशनवर एक अमेरिकन पाद्री नेरळच्या गाडीसाठी खोळंबला होता. चांगलं मराठी बोलतो. माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाला, आमच्याकडे एका मास्तराने तीन वर्षांपूर्वी नवाच खेळ काढला. भिंतीवर उंच टोपली ठोकायची आणि चेंडू हाताने तिच्यात टाकायचा. पायाने मारायला सक्त मनाई! सुरुवातीला चेंडू आत गेला की शिडी लावून काढावा लागे म्हणे.

घरी सांगितलं. आई भाकरी थापायची थांबली. "त्यो खेळ बरा. कुनाला पाय नाय लागायचा. त्यो खेळा की तुमी!"

सहदेव लगेच, "टोपली हायच आपल्याकडं, कोंबड्यांची."

दोघं हसत बसले. मला राग आला. इथे कुणाला मुंबईला जायचं आहे आणि कोण टोपल्या मोजतंय!

रविवार, ता. ६ जानेवारी १८९५

पुन्हा वाकला. वाकताना हात चेंडूला लागला — म्हणजे तीही चूकच! आता मलाच खेकसायला कुणीतरी हवं आहे.

रविवार, ता. १३

झालं! झालं!

माझ्या नडगीवर सणसणीत बसली. डोळ्यांपुढे काजवे. त्याचा हात खाली आला — गुडघ्यापर्यंत — आणि तिथूनच परत गेला. चेंडू घेऊन तो पुढे! मी खाली बसून एका हाताने पाय चोळतोय, दुसऱ्याने टाळी वाजवायला बघतोय. त्यानंतर एकदाही वाकला नाही. एकदाही!

संध्याकाळी हिरामणने शेताच्या बांधावर पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. चेंडू त्याच्या वालात शिरतो म्हणून रोज शिव्या देतो आणि खायलाही तोच बोलावतो. मी तिथे कलकत्त्याची गोष्ट सांगितली. अडीच वर्षांपूर्वी बंगाल्यांच्या एका क्लबाने गोऱ्या पलटणीला हरवलं, वर्तमानपत्रात आलं होतं. हिरामण शेंग सोलत म्हणाला, "आनि त्ये बंगाली वाकायचे का रं?"

छापलं नव्हतं, म्हटलं.

उठताना सहदेवचा पाय मडक्याला लागला, तेव्हा मात्र मडक्याला नमस्कार केला. चालेल. मडकं काही गोलकीपर नाही.

बुधवार, ता. ३०

बेकरने सहदेवला अकरांत घेतलं. बूट देत होता, याने नको म्हटलं.

मला काय? निशाण! रेषेवर उभं राहून वर करायचं. चेंडू बाहेर गेला तर वर, गडी पुढे चोरून उभा राहिला तर वर. "तुला नियम येतात," बेकर म्हणाला. आगगाडीला निशाण, चेंडूलाही निशाण. बरं आहे! जेवलो नाही.

रविवार, ता. ३ फेब्रुवारी

जिंकलो. नीट लिहितो, नाही तर चैन पडायचं नाही.

लोणावळ्याचे गडी थंड हवेतले, दांडगे. त्यांचा गोल आधी. मग बेकरने फेडला. एक-एक. शेवटचा थोडा वेळ उरला आणि चेंडू आला सहदेवकडे, माझ्याच बाजूला. त्याच्यापुढे दोन बचाववाले आणि गोलकीपर, म्हणजे तिघे. पुढे तिघे असले की चोरून उभा राहिला असं होत नाही, नियमात चोख. पहिला चुकवला. दुसरा आडवा आला आणि सहदेवची लाथ त्याच्या नडगीवर बसली. आवाज मला रेषेपर्यंत आला. तो माणूस कोसळला.

वाकू नको, वाकू नको, वाकू नको —

नाही वाकला. खाली पाहिलंसुद्धा नाही. पुढे गेला आणि मारला.

आणि माझा हात! निशाणासकट वर गेला, कपाळाला लागला. नमस्कार मी केला! पंचाने माझं निशाण वर बघितलं आणि शिट्टी तोंडाशी नेली. गोल बाद होणार! मी घाईघाईने हात खाली घेतला. पंच धावत आला, "काय पाहिलंस?" विचारलं. मी म्हटलं, काही नाही, घाम पुसला. लाथेचं काय, म्हणाला. मी म्हटलं, दोघेही चेंडूसाठीच आले होते. ते खरंच होतं.

गोल राहिला. बेकरने सहदेवला खांद्यावर घेतलं. मी ओरडून ओरडून घसा बसवला.

पडलेल्या माणसाला दोघांनी धरून नेलं. त्याच्याकडे मीच बघत होतो, बाकी कुणी नाही.

शनिवार, ता. ९

बदलीचा हुकूम आला. मंगळवारच्या गाडीने मुंबई. हुकूम मीच तारेवर घेतला, माझ्याच हाताने लिहिला.

पेढे वाटायला हवेत. दिवसभर नुसता येरझारा घालतो आहे. हवं होतं तेच झालं ना? मग काय खुपतंय? सहदेव मला म्हणाला, "दादा, तू नसतास तर मी वाकतच बसलो असतो." खुशीत होता. मीही हसलो.

मंगळवार, ता. १२

सहदेव गेला. निघताना देवाला आणि आईला रीतसर नमस्कार केला, दही घेतलं. बाहेरून बेकरची हाक आली तसा घाईने ट्रंक उचलून वळला आणि त्याचा पाय आईच्या पायावर चांगलाच बसला.

तो थांबला नाही. त्याला कळलंच नाही.

आई सवयीने म्हणून गेली, "असू दं रं, असू दं." मग तिने रिकाम्या दाराकडे पाहिलं. मग माझ्या नडग्यांकडे.